रुमालाखालचा भाव आणि 'च'ची भाषा

  

आजचा विषय जरा वेगळा आहे. भाषा म्हटलं की आपल्याला मराठी आठवते, हिंदी आठवते, पोरांच्या शाळेतली इंग्रजी आठवते. या भाषा कुणी एके दिवशी बसून बनवल्या नाहीत. त्या बोलता बोलता, पिढ्यान् पिढ्या घडत गेल्या. पण काही भाषा माणसांनी मुद्दाम बनवलेल्या असतात. ठरवून, नियम घालून, कधी खेळासाठी, कधी कमाईसाठी, कधी जीव वाचवण्यासाठी. अशा भाषांचा इतिहास शोधायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यात, जनावरांच्या बाजारात आणि आपल्याच अंगणात तो सापडतो.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. भाषा कशाची बनते? "गाईला पाणी पाज" हे वाक्य घ्या. यात पहिली गोष्ट आवाज. ग, प, ण असे तोंडातून निघणारे आवाज. दुसरी गोष्ट शब्द. गाय, पाणी, पाजणे. तिसरी गोष्ट व्याकरण, म्हणजे शब्द एकमेकांना जोडायची रीत. "गाय" ला "ला" लागला, म्हणून कुणाला पाजायचं ते कळलं. "ला" काढून टाका, वाक्य लंगडं होतं. आवाज, शब्द आणि व्याकरण या तिन्हींवर भाषा उभी राहते. ज्याला गुप्त भाषा बनवायची असते, तो या तिन्हींपैकी एखादीच गोष्ट बदलतो. बाकीच्या दोन तशाच ठेवतो. सगळंच बदललं तर त्याला स्वतःलाच बोलता येणार नाही.

आवाज बदलून बनवलेली भाषा तुमच्यातल्या बहुतेकींना येते. ती म्हणजे 'च'ची भाषा. लहानपणी मोठ्या माणसांसमोर गुपित बोलायला आपण सगळ्यांनी ती वापरलेली आहे. तिचा नियम असा. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, त्याच्या जागी 'च' बसवायचा, आणि काढलेलं अक्षर शेवटाला नेऊन ठेवायचं. काना, मात्रा, वेलांटी मात्र पहिल्याच जागी राहते. म्हणून "पाणी" झालं "चाणीप". "घरी" झालं "चरीघ". "पैसे लपव" झालं "चैसेप चपवल". काही गावांत 'च'च्या जागी दुसरंच अक्षर घेतात, पण रीत तीच.

आता गंमत पाहा. या भाषेत एकही नवा शब्द नाही आणि व्याकरणही आपलंच आहे. "घरात" म्हणायचं असेल तर आधी मराठीच्या नियमानं "घर" ला "आत" जोडायचं, मग त्या अख्ख्या शब्दाला 'च'चा नियम लावायचा, "चरातघ". म्हणजे सात-आठ वर्षांच्या पोरीला मराठीचं व्याकरण पाठ असतं, अक्षरं तोडता येतात, जोडता येतात, आणि हे सगळं ती बोलण्याच्या वेगात करते. तिला पुस्तक नाही, बाई नाहीत, परीक्षा नाही. या भाषेत एक फजितीही आहे. "चहा" हा शब्द घेतला तर नियमानं होतो "चहाच". गुपित लपायच्या ऐवजी आणखी ठासून बाहेर येतं.

ही झाली पोरींची भाषा. तिच्यात कुणाचं नुकसान नाही. आता पुरुषांच्या बाजारातली भाषा पाहू. तिथं खेळ नव्हता, पैसा होता.

जुन्या काळी आपल्या मुलखातले दलाल, सराफ, व्यापारी आपसात एक भाषा बोलत. तिला नंदभाषा म्हणत. गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याला कळू न देता भाव ठरवायचा, यासाठी ती होती. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मराठी शब्दांचा मोठा कोश केला. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ला आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ला निघाली. त्या कोशात नंदभाषेचे शब्द नोंदवलेले आहेत, म्हणून ते आज आपल्याला कळतात.

नंदभाषेत आकड्यांना वेगळीच नावं होती. एक म्हणजे केवली. दोन म्हणजे आवारू. तीन उधानू. चार पोकू. पाच मुळू. सहा शेली. सात पवित्र. आठ मंगी. नऊ लेवनू. दहा अंगुळू. दहाच्या पुढचेही शब्द होते. आणि रुपयाला म्हणत भुरका.

हे शब्द तोंडात घोळवून बघा. आवाज सगळे मराठीचेच आहेत. कुठलाही परका उच्चार नाही. बहुतेक आकड्यांच्या शेवटी "ऊ" नाही तर "ई" येते, आपल्या भाकरी, पाटी, लाडू, गहू या शब्दांसारखी. केवलीमध्ये आपल्याला "केवळ" ऐकू येतो, म्हणजे एकटाच. अंगुळूमध्ये अंगुळी ऐकू येते, आणि दोन्ही हातांची बोटं दहाच असतात. पण सगळ्यात हुशारी आहे ती सातच्या शब्दात. "पवित्र" हा तर आपला रोजचा शब्द. देवाधर्माचा. दोन दलाल बोलताना "पवित्र" म्हणाले, तर शेजारी उभ्या शेतकऱ्याला वाटणार, काहीतरी देवाचं बोलत आहेत. ते सात रुपयांबद्दल बोलताहेत अशी शंकासुद्धा येणार नाही. न कळणारा शब्द कानाला खटकतो. कळल्यासारखा वाटणारा शब्द कानाला फसवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपल्याला ती लागणार आहे.

नंदभाषेत शब्द बदलले, पण व्याकरण मराठीच राहिलं. भुरका हा शब्द आपण "मुलगा" सारखा चालवू शकतो. एक भुरका, अनेक भुरके, भुरक्याला, भुरक्यात. समजा दलालाला म्हणायचं आहे, "या गाईचे चार रुपये दे." नंदभाषेत ते होईल, "या गाईचे पोकू भुरके दे." "या गाईचे" आपल्याला कळलं. "दे" कळलं. फक्त जिथं पोटाचा प्रश्न आहे, तो आकडा तेवढा कळला नाही. सगळी भाषा उघडी आणि मोक्याच्या ठिकाणी कुलूप.

शब्दांच्या पुढची पायरी म्हणजे आवाजच नको. तोंड बंद, फक्त हात बोलणार. बोटांच्या खुणांच्या भाषेला मराठीत जुना शब्द आहे, करपल्लवी. डोळ्यांच्या खुणांना म्हणतात नेत्रपल्लवी. बाजारात ही करपल्लवी रुमालाखाली चाले. आपल्या जिल्ह्यात श्रीगोंदा तालुक्यातलं काष्टी, नेवासा तालुक्यातलं घोडेगाव, राहाता तालुक्यातलं लोणी, नगर तालुक्यातलं वाळकी, या गावांचे जनावरांचे बाजार लांबवर माहीत आहेत. अशा बाजारांत एक दृश्य पिढ्यान् पिढ्या दिसत आलं आहे. बैलाची जोडी उभी आहे. मालक कासरा धरून उभा आहे. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, पुढे होतो. खांद्यावरचा रुमाल, पंचा नाही तर टॉवेल हातावर टाकतो आणि त्याच्याखाली समोरच्याचा हात धरतो. दोघं एकमेकांकडे बघतात. कुणी बोलत नाही. थोड्या वेळानं मान हलते. सौदा झाला, इसार दिला.

रुमालाखाली काय चालतं? एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. पुढच्या आकड्यांच्या खुणा बाजाराबाजारात वेगळ्या. पण एक बोट म्हणजे शंभर की हजार की दहा हजार? ते बोट सांगत नाही, जनावर सांगतं. शेळी असेल तर एक अर्थ, खिलारी बैलजोडी असेल तर दुसरा. आपणही बोलताना असंच करतो. "आणलं का?" एवढंच विचारतो, काय आणलं ते दोघींना माहीत असतं. भाषेतलं बरंच काही बोलायच्या आधीच ठरलेलं असतं. ज्याला ते माहीत नाही, तो बाहेरचा. करपल्लवीत नकारही आहे. हात सोडवून घेतला की भाव पसंत नाही.

आता प्रश्न असा, की हे लपवायचं कशाला? दलाल सांगतात, गर्दीत भांडण नको, शेजाऱ्याला भाव कळून नजर नको. थोडंफार खरंही असेल. पण हिशेब मांडून बघा. धान्याच्या, कापसाच्या बाजारातही रुमालाखालचा सौदा चाले. अडत्या एकेका व्यापाऱ्याचा हात धरी, सगळ्यांचे भाव मनात ठेवी, आणि शेवटी शेतकऱ्याला एक आकडा सांगे. कुणी किती बोली लावली ते शेतकऱ्याला दिसलंच नाही. सांगितलेला आकडा सगळ्यात मोठा होता की नाही, हे पडताळायचं कसं? माल शेतकऱ्याचा. पण मालाबद्दल जे बोलणं झालं, त्या भाषेत तो मुका.

आणि शेतकरी जर मुका, तर शेतकऱ्याची बायको कुठे? जनावराला पाणी पाजणारी, शेण काढणारी, वासरू जगवणारी ती. बाजारात मात्र तिचा पाय नाही. संध्याकाळी घरी फक्त पैसे आले, आणि बरोबर एक वाक्य आलं, "एवढेच मिळाले." किती बोली लागली, कुणी लावली, दलाली किती कापली, हे विचारायला तिच्याजवळ शब्दच नव्हते. म्हणून आम्हाला वाटतं, नंदभाषा आणि करपल्लवी यांचा इतिहास पुरुषांच्या बाजाराचा तर आहेच, पण आपल्या गप्प राहण्याचाही आहे.

हे कुलूप उघडायला कायदा लागला. आपल्या शेजारच्या वऱ्हाडात १८९७ सालीच कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापसाच्या बाजारांचा कायदा झाला. १९२८ साली शेतीबद्दलच्या शाही आयोगानं सरकारला अहवाल दिला आणि बाजारांना नियम हवेत अशी शिफारस केली. १९३९ साली मुंबई इलाख्यानं सगळ्या शेतमालासाठी बाजार कायदा केला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ साली आजचा बाजार समित्यांचा कायदा आला. या सगळ्यांच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. भाव उघड्यावर, मोठ्यानं, सगळ्यांच्या कानावर पडेल असा बोलायचा. वजन समोर करायचं. पावती लिहून द्यायची. म्हणजे काय, तर रुमाल बाजूला करायचा.

घोडेगावच्या कांद्याच्या लिलावात आज बोली मोठ्यानं लागते. आपल्यातल्या काही जणी तिथं स्वतः उभ्या राहतात. बोली कानावर पडते, म्हणून त्यांना "थांबा, द्यायचा नाही" असं म्हणता येतं. ऐकू आलेल्या भावालाच नाही म्हणता येतं. जनावरांच्या बाजारात मात्र रुमाल अजून पुरता गेलेला नाही.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग गुप्त भाषा वाईटच. तसं नाही. गुप्त भाषा दुबळ्यालाही लागते. त्याचीही गोष्ट आपल्या जिल्ह्याशी जोडलेली आहे.

सातशे वर्षांपूर्वी गोदावरीच्या काठानं श्रीचक्रधर स्वामी फिरले आणि महानुभाव पंथ उभा राहिला. त्यांच्या आठवणी ज्यांनी गोळा केल्या, ते म्हाइंभट आपल्याच जिल्ह्यातल्या सराळ्याचे. त्यांचा 'लीळाचरित्र' हा ग्रंथ मराठीतल्या अगदी पहिल्या गद्य ग्रंथांमधला. पंथात बायकांना जागा होती. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात, ती महदंबा याच पंथातली. चक्रधरांच्या मागे पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी आपल्या पंडित शिष्यांना संस्कृतात लिहू नका असं बजावलं. कारण काय दिलं? पंथातल्या म्हाताऱ्या बायांना संस्कृत कळणार नाही, त्या ज्ञानाला मुकतील. किती मोठी गोष्ट आहे ही. कोणत्या भाषेत लिहायचं, हे म्हाताऱ्या बायांकडे बघून ठरलं. जवळच नेवाशाला, १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. तोही त्याच वाटेनं.

पण पुढे काळ बदलला. बाहेरच्यांचा विरोध, टीका, पोथ्या चुकीच्या हाती पडायची भीती. तेव्हा पंथातल्या लोकांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. त्यांतली सगळ्यात माहीत असलेली सकळ लिपी. भाषा मराठीच, आवाज तेच, शब्द तेच, पण कागदावरची अक्षरं अशी बदललेली, की किल्ली नसलेल्याला एक ओळ वाचता येऊ नये. पोथ्या वाचल्या, जपल्या गेल्या. पण त्याची किंमतही पडली. शेकडो वर्षं बाकीच्या मराठी माणसांना हे ग्रंथ आहेत हेसुद्धा नीट माहीत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, वि. ल. भावे अशा अभ्यासकांनी या लिप्यांचा उलगडा लोकांसमोर ठेवला, तेव्हा मराठीचा हा ठेवा सर्वांना वाचता आला. ज्या ग्रंथांची भाषा म्हाताऱ्या बायांसाठी निवडली, तेच ग्रंथ कुलपात गेले. आत राहून जपले गेले हे खरं, आणि बाहेरच्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकल्या हेही खरं.

असंच एक उदाहरण दूरच्या चीन देशातलं आहे. ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते बायकांचं आहे. तिथल्या हुनान प्रांतात जियांगयोंग नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथं मुलींना शिकू देत नसत. पुरुषांची अक्षरं पुरुषांची. तेव्हा तिथल्या बायकांनी आपली वेगळी लिपी चालवली. तिचं नाव न्यूशू, म्हणजे बायकांचं लिहिणं. बोलण्यातला एक उच्चार, त्याला एक खूण, अशा काहीशे बारीक, तिरप्या खुणा. आईकडून लेकीला, मावशीकडून भाचीला. पंख्यावर लिहायच्या, कापडावर भरायच्या. मैत्रीण लग्न होऊन गेली, की तिसऱ्या दिवशी तिला मैत्रिणींनी लिहिलेली वही पाठवायची, त्यात निरोप, त्यात रडणं. आपण जे जात्यावर बोललो, ते त्यांनी खुणांत लिहिलं. पुढे मुली शाळेत जाऊ लागल्या आणि ही लिपी मागे पडली. जुन्या रीतीनं ती शिकलेली शेवटची बाई २००४ साली वारली. आज ती संग्रहालयात आहे, अभ्यासक शिकतात.

म्हणजे कुलूप तेच, पण ते कोण कुणावर लावतं यावर सगळं अवलंबून. दलालानं माल पिकवणाऱ्यावर लावलं तर ती लूट. शिकू न दिलेल्या बायकांनी आपल्या दुःखावर लावलं तर तो आडोसा.

आणि काही माणसांनी तर कुलूप नसलेली भाषा बनवायचा प्रयत्न केला. झामेनहॉफ नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. ते ज्या गावात वाढले, ते बियालिस्टोक आज पोलंड देशात आहे. तिथं चार समाज चार भाषा बोलत आणि एकमेकांचा द्वेष करत. त्यांना वाटलं, सगळ्यांना सोपी पडेल अशी एक मधली भाषा असावी, जी कुणा एकाच्या मालकीची नाही. १८८७ साली त्यांनी ती पुस्तकात छापली. तिला एस्पेरांतो म्हणतात. व्याकरणाचे नियम फक्त सोळा, आणि एकाही नियमाला अपवाद नाही. वस्तूचं नाव नेहमी "ओ"नं संपणार. क्रियापद आज चालू असेल तर शेवटी "आस", होऊन गेलं असेल तर "इस", व्हायचं असेल तर "ओस". ट्रिंकास म्हणजे पिते, ट्रिंकिस म्हणजे प्यायली, ट्रिंकोस म्हणजे पिईल. बाई पिवो की बुवा, शब्द तोच. आपल्या विनोबा भाव्यांनीही ही भाषा शिकून घेतली होती.

पण सगळ्यांसाठी बनवलेल्या भाषेतही बनवणाऱ्याची सवय उतरते. एस्पेरांतोत बाप म्हणजे पात्रो. आईला स्वतंत्र शब्दच नाही. पात्रोला "इन" जोडायचं, पात्रिनो. बैल बोवो, गाय बोविनो. गाय बैलापासून बनवली. आपल्या मराठीत आई आणि बाप, गाय आणि बैल वेगवेगळे, आपापल्या पायावर उभे. दोष काढायचा म्हणून हे सांगत नाही. एवढंच सांगायचं आहे, की भाषा बनवताना जो तिथं हजर नसतो, त्याची जागा भाषेत मागे राहते.

आता आजच्या काळाकडे या. नंदभाषा संपली असं आपल्याला वाटतं. आम्ही गटांच्या कामात रोज कागद बघतो, आणि आम्हाला वाटतं, ती नुसती रूप बदलून आली आहे. "पवित्र" म्हणजे सात, हे आठवतं ना? कळल्यासारखा वाटणारा शब्द फसवतो. तसाच एक शब्द आहे "फ्लॅट बारा टक्के".

हिशेब करू. समजा दहा हजार रुपये कर्ज घेतलं, वर्षभर दर महिन्याला हप्ता. फ्लॅट बारा टक्के म्हणजे व्याज धरलं अख्ख्या दहा हजारांवर, पूर्ण वर्षाचं, १,२०० रुपये. पण आपण तर दर महिन्याला मुद्दल फेडत असतो. सहा महिन्यांनी अर्ध्याच्या आसपास पैसे परत गेलेले असतात, तरी व्याज सगळ्या दहा हजारांवरच. उरलेल्या पैशांवर, म्हणजे घटत्या शिल्लकेवर बारा टक्के धरलं, तर वर्षाचं व्याज होतं सुमारे ६६२ रुपये. शब्द दोन्हीकडे "बारा"च. एका भाषेत त्याचा अर्थ ६६२, दुसऱ्या भाषेत १,२००. घटत्या शिल्लकेच्या भाषेत बोलायचं तर तो "फ्लॅट बारा" खरं म्हणजे साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.

आपल्या गटातही एक सांकेतिक शब्द आहे, बरं का. आपण म्हणतो "शेकडा दोन". दोन म्हणजे महिन्याला दोन. वर्षाला चोवीस. बँक बारा म्हणते ते वर्षाचे. एखादी नवी सून गटात आली आणि तिला वाटलं, गटाचे दोन आणि बँकेचे बारा, म्हणजे गट सहापट स्वस्त, तर चूक तिची नाही. आपण तिला आपली भाषा शिकवली नाही. गटाचं व्याज गटातच राहतं, ते आपल्यातच वाटलं जातं, हे खरं. पण तेही तिला तिच्या शब्दांत सांगायला हवं.

यातही कायदा आपल्या बाजूला आहे, जसा बाजारात होता. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला तारण न घेता दिलेल्या छोट्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली नियम केले. कर्जाचा करार घेणाऱ्याला समजेल त्या भाषेत हवा. दर, हप्ते, शुल्क यांचा साधा माहितीतक्ता द्यायला हवा. कर्जाचं कार्ड द्यायला हवं. हे मागणं म्हणजे भीक नाही. रुमाल काढा, एवढंच म्हणणं आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करू. प्रत्येकीनं एक असा शब्द आणायचा, जो कागदावर किंवा बाजारात ऐकला, मान हलवली, पण अर्थ कळला नाही. गटाच्या वहीचं शेवटचं पान त्यासाठी ठेवा. डावीकडे शब्द, उजवीकडे आपल्या भाषेत अर्थ. अर्थ कुणालाच येत नसेल तर बँकेत जाऊन विचारा, बाजार समितीत विचारा, पण रकाना रिकामा ठेवू नका. आणि शब्द लिहिताना तीन प्रश्न विचारा. हा शब्द कुणी बनवला? तो कळला नाही तर कुणाचा फायदा? आणि आपल्याखेरीज अजून कोण बाहेर राहिलं आहे?

दुसरं काम पोरींसाठी. घरातल्या आजीला विचारा, तिच्या लहानपणी 'च'ची भाषा कशी होती, अक्षर कोणतं घेत, नियम काय होता. लिहून ठेवा. मोल्सवर्थनं नंदभाषा लिहून ठेवली म्हणून ती आज आपल्या हाती आली. आपल्या आजींच्या भाषा लिहायला बाहेरून कुणी साहेब येणार नाही.

पुढच्या वेळी नवा विषय घेऊन भेटू. तोपर्यंत, चामरामर चगळ्यांनास. कळलं ना?